एन्व्ह फाइल गिटहबवर गेली? आधी किल्ली बदला, इतिहास नंतर

एन्व्ह फाइल, म्हणजे ॲपचे पासवर्ड आणि किल्ल्या (सेवा उघडणारे गुप्त कोड) ठेवायची फाइल, चुकून कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर पुश झाली, म्हणजे चढली, हे लक्षात आलं की बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत एकच करतात. फाइल डिलीट करायची, ‘रिमूव्ह्ड एन्व्ह’ असा कमिट (बदलाची नोंद) टाकायचा, पुश करायचं आणि कुणाच्या नजरेस पडलं नसेल अशी आशा धरायची. थोडा जाणकार असेल तर तो रेपो (प्रोजेक्टचं कोड-भांडार) प्रायव्हेट करतो, नाहीतर फोर्स पुश मारतो, म्हणजे गिटहबवरचा इतिहास आपल्या प्रतीने जबरदस्तीने बदलतो. ही सगळी धावपळ उलट्या टोकाकडून सुरू होते. फाइल गेली तरी तिच्यातली किल्ली चालूच असते, आणि ज्याने ती एकदा उचलली त्याला तुमचा रेपो पुन्हा उघडायची गरजच उरत नाही.

टोयोटाचं प्रकरण या बाबतीत बघण्यासारखं आहे. त्यांच्या ‘टी-कनेक्ट’ सेवेच्या वेबसाइटचं काम करणाऱ्या कंत्राटदाराकडून सोर्स कोडचा काही भाग डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर सार्वजनिक झाला. त्या कोडमध्ये डेटा सर्व्हरची किल्ली होती. ते लक्षात आलं १५ सप्टेंबर २०२२ ला. कोड लगेच सार्वजनिक दृष्टीआड केला, पण किल्ली बदलली ती १७ तारखेला. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक बाहेर गेले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. इतक्या मोठ्या कंपनीतही आधी कोड लपवला गेला आणि मग किल्ली बदलली गेली.

‘आमचा रेपो प्रायव्हेट आहे’ हे उत्तरही पुरत नाही. २०१६ मध्ये उबरच्या प्रायव्हेट रेपोमध्ये हल्लेखोर शिरले, तिथे त्यांना ॲमेझॉनच्या क्लाउडची किल्ली सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

पुढचं सगळं पुण्यातल्या छोट्या टीमला धरून लिहिलं आहे: कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये बीईचं प्रोजेक्ट करणारे चौघे, नाहीतर एरंडवण्यात एक खोली घेऊन तीन क्लायंट सांभाळणारे तिघे. हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत असाल तर पहिली पायरी एकच, सिक्युरिटी टीमला कळवा आणि परस्पर काही पुसू नका. तुम्ही पुसाल तो कदाचित त्यांना लागणारा पुरावा असेल.

उदाहरणासाठी एक ॲप धरू. सदाशिव पेठेतल्या एका मेसचं डबा-बुकिंग. नोडचा बॅकएंड, पोस्टग्रेस डेटाबेस, डब्यांचे फोटो ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवणीवर, पैसे रेझरपेवरून, ओटीपी एसएमएस गेटवेवरून. एन्व्ह फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड, ॲमेझॉनची किल्ली, रेझरपेची जोडी, जेडब्ल्यूटीचं (लॉगिननंतर ग्राहकाला मिळणाऱ्या टोकनवर सही करायचं) सिक्रेट आणि एसएमएसची किल्ली. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमनमध्येच टाइप करायच्या.

डिलीट केलेली फाइल जाते कुठे

कुठेच जात नाही. गिट प्रत्येक कमिटला प्रोजेक्टचं त्या क्षणाचं पूर्ण चित्र धरून ठेवतं. फाइलचा मजकूर ‘ब्लॉब’ म्हणून साठतो आणि कमिट त्या ब्लॉबकडे बोट दाखवतो. सोमवारच्या कमिटमध्ये एन्व्ह फाइल होती, मंगळवारी तुम्ही ती काढली. मंगळवारच्या चित्रात ती नाही, पण सोमवारचं चित्र जसंच्या तसं आहे. रेपो क्लोन केलेल्या, म्हणजे त्याची पूर्ण प्रत घेतलेल्या, कुणीही एवढंच लिहायचं:

गिट शो हेड~१:.एन्व्ह

आणि फाइल स्क्रीनवर हजर. उलट ‘रिमूव्ह्ड एन्व्ह’ या संदेशामुळे शोधणाऱ्याला नेमका कुठला कमिट उघडायचा तेही कळतं. गिटहबवर असे संदेश शोधून बघा, किती निघतात ते.

फोर्स पुशने कमिट शाखेवरून निसटतो, पण मरत नाही. तुमच्या लॅपटॉपवर रेफलॉग (गिटची स्थानिक नोंदवही) त्याला धरून ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये अशा निसटलेल्या कमिटची नोंद ३० दिवस राहते. गिटहबवर तो कमिट त्याच्या हॅशच्या (ओळख-क्रमांकाच्या) पत्त्यावर पुढेही उघडू शकतो. कुणी फोर्क केलं, म्हणजे गिटहबवरच आपली प्रत काढली असेल तर तिथेही तो असतोच. आणि मुख्य म्हणजे सार्वजनिक गिटहबवर नव्या पुशवर नजर ठेवून किल्ल्या वेचणारे बॉट चोवीस तास चालू असतात. तुम्ही चहा घेऊन परत येईपर्यंत किल्ली वापरून झालेली असू शकते.

कुठली ओळ खरंच गुप्त आहे

घाबरून सगळंच बदलायला निघालात तर त्यात दोन तास जातात आणि महत्त्वाची किल्ली रांगेत मागे राहते. म्हणून फाइल उघडा आणि प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: ही एवढी एकच ओळ हातात असलेला माणूस, जगात कुठेही बसून, काय करू शकतो?

रेझरपेचा ‘की आयडी’ चेकआउटच्या वेळी ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जातोच, तो गुप्त नाही. ‘की सिक्रेट’ मात्र सर्व्हरबाहेर जाता कामा नये, आणि वेबहुकचं (रेझरपे तुमच्या सर्व्हरला पाठवतं त्या निरोपांचं) सिक्रेट ही तिसरीच गोष्ट आहे. गूगल मॅप्सची ब्राउझरमधली किल्लीही सगळ्यांना दिसते; ती कुठल्या डोमेनवरून चालावी याचं बंधन घातलेलं असणं महत्त्वाचं. फायरबेसच्या वेब कॉन्फिगबद्दल दर वर्षी प्रोजेक्टच्या मुलांमध्ये घबराट उडते. ती किल्ली प्रोजेक्टची ओळख सांगते, डेटाचं रक्षण सिक्युरिटी रूल्स करतात. तुमचे रूल्स ‘कुणीही वाचा, कुणीही लिहा’ असे असतील तर किल्ली लपवून काही उपयोग नाही.

आमच्या मेसच्या ॲपमध्ये क्रम असा लागेल. सगळ्यात आधी ॲमेझॉनची किल्ली, कारण ती कुठूनही चालते आणि बिल तुमच्या कार्डावर येतं. मग रेझरपेचं सिक्रेट. मग जेडब्ल्यूटीचं सिक्रेट. मग एसएमएस गेटवे, नाहीतर शिल्लक रात्रीत संपते. डेटाबेसचं पोर्ट इंटरनेटला बंद असेल तर त्याचा पासवर्ड शेवटी चालेल. ते उघडं असेल तर तो थेट पहिल्या नंबरवर. पोर्ट बंद असल्याचं ‘मला वाटतं’ यावर जाऊ नका. फोनच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कबाहेरून, जोडून बघा.

किल्ली बदलताना

शांत दिवसाची पद्धत अशी: नवी किल्ली काढा, ॲपमध्ये घाला, ॲप चालतंय हे बघा, जुनी निष्क्रिय करा, एक दिवस थांबा, मग जुनी डिलीट करा. ॲमेझॉन एका आयएएम यूजरला (खात्यातल्या एका वापरकर्त्याला) एका वेळी दोन ॲक्सेस की ठेवू देतं ते याचसाठी. पण किल्ली सार्वजनिक रेपोवर गेली असेल तर हा शांतपणा परवडत नाही. जुनी आधी निष्क्रिय करा, नवी त्यानंतर. मधली वीस मिनिटं डब्यांचे फोटो दिसले नाहीत तर दिसले नाहीत. मेसच्या काकांना फोन करून सांगता येतं. भलत्याच देशातल्या डेटा सेंटरमध्ये कुणी क्रिप्टो मायनिंगसाठी उभ्या केलेल्या मशीनचं बिल काकांना समजावता येत नाही.

ॲमेझॉनच्या किल्लीत दोन खाचखळगे आहेत. सार्वजनिक गिटहबवर त्यांची किल्ली दिसली तर ॲमेझॉन बऱ्याचदा स्वतःहून त्या यूजरवर ‘क्वारंटाइन’ पॉलिसी लावतं आणि ईमेल पाठवतं. ती पॉलिसी काही ठरावीक कृतीच अडवते, किल्ली पूर्ण बंद करत नाही. त्यामुळे ईमेल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसरं म्हणजे, हल्लेखोराने तुमच्या किल्लीतून आधीच तात्पुरती क्रेडेन्शियल्स काढून ठेवली असतील तर मूळ किल्ली बंद केल्यावरही ती मुदत संपेपर्यंत चालू शकतात. म्हणून किल्ली निष्क्रिय केल्याबरोबर त्या यूजरला ‘सर्व काही नाकारा’ अशी पॉलिसी जोडा.

पोस्टग्रेसमध्ये पासवर्ड बदलला की काम झालं असं वाटतं, पण आधीपासून जोडलेली कनेक्शन तुटत नाहीत. जुन्या पासवर्डने आत आलेला माणूस आतच बसून राहतो. पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये त्या यूजरची चालू कनेक्शन बघा, ती कुठल्या आयपीवरून आहेत ते टिपून ठेवा, मग पीजी-टर्मिनेट-बॅकएंड वापरून तोडा. पासवर्ड बदलताना साध्या एसक्यूएल आज्ञेऐवजी पी-एसक्यूएलची ‘बॅकस्लॅश पासवर्ड’ ही सोय वापरा, नाहीतर नवा पासवर्ड लॉगमध्ये उघडाच जाऊन बसण्याची शक्यता असते.

जेडब्ल्यूटीचं सिक्रेट सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात घातक. ते ज्याच्याकडे आहे त्याला कुणाचाही पासवर्ड लागत नाही. ‘मी ॲडमिन आहे’ असं टोकन तो स्वतःच्या मशीनवर स्वतःच सही करून बनवतो आणि तुमचा सर्व्हर ते खरं मानतो. लॉगिनच्या नोंदींमध्ये काही दिसत नाही, कारण लॉगिन झालेलंच नसतं. सिक्रेट बदललं की सगळे ग्राहक लॉगआउट होतात, म्हणून लोक टाळतात. टाळू नका, फक्त वेळ निवडा. सकाळी अकराला, दुपारच्या डब्यांची बुकिंग चालू असताना नको, दुपारी तीनला करा. जँगो (पायथनची वेब-चौकट) वापरणारे ‘सिक्रेट की’ बदलताना जुनी किल्ली ‘सिक्रेट की फॉलबॅक्स’मध्ये ठेवू शकतात, ४.१ आवृत्तीपासून ती सोय आहे. ती सोय ठरलेल्या बदलासाठी आहे. किल्ली फुटली असेल तर जुनी फॉलबॅकमध्ये ठेवणं म्हणजे चोराची किल्ली चालू ठेवणं.

कुणी वापरली का

जुनी किल्ली बंद झाल्यावर आता श्वास घ्या आणि तपासाला बसा. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदवहीत मागच्या ९० दिवसांच्या व्यवस्थापकीय घडामोडी काही सेटिंग न करताही दिसतात. फुटलेल्या किल्लीच्या आयडीने गाळून बघा. एकट्या मुंबई रीजनवर थांबू नका, एकेक करून सगळे रीजन उघडा; तुम्ही कधी वापरलेलंच नाही अशा ठिकाणी मशीन उभं करणं ही ठरलेली चाल आहे. नवे आयएएम यूजर, नव्या किल्ल्या, नवे रोल तयार झालेत का हेही बघा. तुमची किल्ली बंद केली आणि हल्लेखोराने बनवलेला यूजर तसाच राहिला, तर काहीच साधलं नाही.

एका गोष्टीत फसगत होते. एस-थ्रीमधली फाइल कुणी वाचली याची नोंद त्या ९० दिवसांच्या यादीत नसते. ती डेटा-इव्हेंटमध्ये मोडते आणि आधीपासून वेगळी चालू केलेली असावी लागते. म्हणून ‘क्लाउडट्रेलमध्ये काही दिसलं नाही, म्हणजे कुणी काही नेलं नाही’ हा निष्कर्ष काढता येत नाही. पोस्टग्रेसचंही तसंच, मूळ सेटिंगमध्ये तो प्रत्येक क्वेरी लॉग करत नाही. पुरावा मिळाला नाही असंच लिहा, चोरी झाली नाही असं लिहू नका.

मेसच्या मालकांना कळवावंच लागेल, कारण ग्राहकांची नावं, मोबाइल नंबर आणि घरचे पत्ते त्यांच्या नावावर गोळा झाले आहेत. आडवळणाने लिहू नका. असं चालेल:

‘काका, आपल्या ॲपचे काही पासवर्ड आज सकाळी इंटरनेटवर उघडे पडले होते. दहा वाजेपर्यंत एक सोडून सगळे बदलले, तो दुपारी तीनला बदलतो. ग्राहकांची माहिती कुणी पाहिली का ते तपासतोय, संध्याकाळी सातला फोन करतो. ग्राहकांना आज दुपारी पुन्हा ओटीपी टाकावा लागेल. कुणी विचारलं तर माझा नंबर द्या.’

कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि इतरांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत, आणि डेटा ब्रीच त्या यादीत आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टला हे लागू पडण्याची वेळ सहसा येत नाही. क्लायंटचं काम करत असाल तर कुणी कळवायचं हे करारातच ठरवून ठेवा. ऐन वेळी त्यावर वाद घालण्यात ते सहा तास निघून जातात.

कुठे कुठे सांडलंय

एकाच जागी किल्ली सांडली असं क्वचितच होतं. आधी रेपो. फाइल कुठल्या कुठल्या कमिटमध्ये होती ते बघायला:

गिट लॉग --ऑल --फुल-हिस्टरी -- .एन्व्ह

आणि किल्लीचा मजकूर दुसऱ्याच फाइलमध्ये कुणी चिकटवलाय का हे बघायला:

गिट लॉग --ऑल --वनलाइन -एस'किल्लीची पहिली काही अक्षरं'

इथे ‘एस’ मोठ्या लिपीतला. हा मजकूर ज्या ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला तेवढेच कमिट ही आज्ञा दाखवते. पूर्ण किल्ली टाइप करू नका, ती शेलच्या इतिहासात जाऊन बसेल. सगळ्या रेपोचा इतिहास चाळायचा तर गिटलीक्स हे मुक्तस्रोत साधन चांगलं आहे. ट्रफलहॉग पुढे जाऊन सापडलेली किल्ली अजून चालू आहे का हेही त्या सेवेला विचारून बघतं. किल्ल्या बदलल्यावर पुन्हा एकदा ते चालवलं की काय राहिलं ते कळतं.

मग रेपोबाहेर. डॉकर इमेज (ॲपचं चालवायला तयार पॅकेज) बनवताना ‘कॉपी डॉट डॉट’ लिहिलं असेल आणि डॉकर-इग्नोर फाइल नसेल तर एन्व्ह इमेजमध्ये गेली. पुढच्या ओळीत ती काढून टाकली तरी आधीच्या लेयरमध्ये ती राहते, आणि ती इमेज डॉकर हबवर सार्वजनिक असेल तर तो दुसरा गिटहबच झाला. रिॲक्टच्या फ्रंटएंडमध्ये ‘रिॲक्ट-ॲप’ किंवा ‘वीट’ असा उपसर्ग लावलेली प्रत्येक व्हेरिएबल बिल्डच्या वेळी जावास्क्रिप्टमध्ये छापली जाते. तिथे रेझरपेचं सिक्रेट कुणी ठेवलं असेल तर गिटहबची गरजच नाही, ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की झालं. बिल्डच्या फोल्डरमध्ये किल्लीची अक्षरं शोधून बघा. सीआयचे (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेचे) लॉग, ज्युपिटर नोटबुकमधले छापलेले आउटपुट, पोस्टमनचं शेअर केलेलं कलेक्शन, टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप, हे सगळं त्याच यादीत.

बीईच्या मुलांसाठी एक खास जागा: प्रोजेक्ट रिपोर्ट. परिशिष्टात कोड छापताना कॉन्फिगची फाइलही छापली जाते, त्याच्या प्रती बांधून कॉलेजमध्ये जमा होतात, आणि पुढच्या वर्षीचे विद्यार्थी संदर्भासाठी फोटो काढतात. बाइंडिंगला देण्याआधी पीडीएफमध्ये ‘पासवर्ड’ आणि ‘सिक्रेट’ हे दोन शब्द शोधा. एक्स्टर्नल विचारणार नाहीत, पण किल्ली तिथे वर्षानुवर्षं राहते.

इतिहास पुसायचा का

किल्ल्या बदलल्यावर हा प्रश्न बराच थंड होतो. मेलेल्या किल्लीचा मजकूर इतिहासात राहिला तर नुकसान जवळजवळ शून्य. गिटहबचं स्वतःचं धोरणही हेच आहे: किल्ली बदलून धोका टळत असेल तर त्यांची सपोर्ट टीम तो मजकूर काढायला मदत करत नाही. तिघांच्या टीमने, बारा उघड्या पुल रिक्वेस्ट (मर्जसाठी थांबलेले बदल) असताना, केवळ नीटनेटकं दिसावं म्हणून इतिहास बदलू नये असं माझं मत आहे.

पण जे बदलता येत नाही ते सांडलं असेल तर पुसावंच लागतं. चाचणीसाठी कुणी खऱ्या ग्राहकांची सीएसव्ही टाकली, आधारच्या स्कॅन टाकल्या, घरचे पत्ते टाकले. मोबाइल नंबर रोटेट होत नाहीत.

त्यासाठी गिट फिल्टर-रेपो वापरा. जुनं फिल्टर-ब्रँच वापरू नका असं गिटची स्वतःची कागदपत्रंच सांगतात. आधी सगळ्यांचं चालू काम पुश करून मर्ज करून घ्या. मग ताजा क्लोन काढा, फिल्टर-रेपो ताज्या क्लोनशिवाय सहसा काम करायला नकार देतं आणि ते बरंच आहे. पूर्ण फाइल इतिहासातून काढायची तर:

गिट फिल्टर-रेपो --इन्व्हर्ट-पाथ्स --पाथ .एन्व्ह

फाइल ठेवून फक्त मजकूर बदलायचा असेल तर एक साधी टेक्स्ट फाइल बनवा, दर ओळीला एक गुप्त मजकूर, आणि ती ‘रिप्लेस-टेक्स्ट’ या पर्यायाला द्या. त्या जागी ‘रिमूव्ह्ड’ अशी खूण येते. ती टेक्स्ट फाइल रेपोच्या फोल्डरबाहेर ठेवा, नाहीतर तीच कमिट होईल.

काम झाल्यावर ‘ओरिजिन’ रिमोट गायब झालेला दिसेल. तो फिल्टर-रेपोने मुद्दाम काढलेला असतो, चुकून जुन्या ठिकाणी पुश होऊ नये म्हणून. वरच्या दोन शोध-आज्ञा पुन्हा चालवा, काही निघत नाही याची खात्री करा, मग रिमोट जोडून सगळ्या शाखा आणि टॅग फोर्स पुश करा. प्रत्येक कमिटच्या हॅशमध्ये त्याच्या आधीच्या कमिटचा हॅश असतो, त्यामुळे पहिल्या बदललेल्या कमिटपासून पुढचे सगळे हॅश बदलतात. सही केलेल्या कमिटच्या सह्या जातात. गिटहबवरच्या जुन्या पुल रिक्वेस्टचे संदर्भ तुमच्या फोर्स पुशने बदलत नाहीत, त्यासाठी आणि साठवलेल्या पानांसाठी सपोर्टला लिहावं लागतं. फोर्क तुमच्या हातात नाहीत. ज्याचा आहे त्याला विनंती करायची.

सगळं नीट करूनही हे बिघडतं ते एकाच जागी. एखादा सहकारी गावाहून परत येतो, जुन्या क्लोनमध्ये पुल करतो, गिट दोन्ही इतिहास मर्ज करतं आणि तो पुश करतो. पुसलेलं सगळं परत. म्हणून ग्रुपवर आधीच टाका:

‘मंडळी, मेस ॲपच्या रेपोचा इतिहास आज रात्री दहाला बदलतोय. साडेनऊपर्यंत आपापलं काम पुश करा. दहानंतर जुन्या फोल्डरमध्ये पुल अजिबात नको. फोल्डर डिलीट करा, नवा क्लोन घ्या. झालं की इथे अंगठा दाखवा. अंगठे पूर्ण होईपर्यंत मेन शाखा बंद.’

पुन्हा होऊ नये म्हणून

गिट-इग्नोरमध्ये एन्व्ह लिहिणं सगळ्यांना माहीत आहे. आधीच ट्रॅक होत असलेल्या फाइलवर मात्र त्याचा काहीच परिणाम होत नाही. तिला आधी ‘गिट आरएम --कॅश्ड’ करून बाहेर काढावं लागतं. सोबत ‘एन्व्ह डॉट एक्झाम्पल’ ठेवा, त्यात फक्त नावं, किंमती नाहीत.

कोडमध्ये ‘सिक्रेट नसेल तर हे वापर’ अशी पळवाट ठेवू नका. जेडब्ल्यूटीच्या ओळीत ‘किंवा’ची खूण आणि पुढे अवतरणात ‘सिक्रेट’ हा शब्द, हे मी इतक्या रेपोंमध्ये पाहिलंय की मोजणं सोडून दिलं. सर्व्हरवर व्हेरिएबल सेट करायची राहिली तर ॲप मुकाट्याने त्या शब्दावर चालू राहतं. व्हेरिएबल नसेल तर ॲप सुरूच होऊ नये, आणि कुठली नाही ते स्पष्ट सांगून पडावं.

कमिटच्या आधी गिटलीक्स चालवणारा प्री-कमिट हुक लावा. तो प्रत्येकाच्या मशीनवर वेगळा बसवावा लागतो आणि ‘नो-व्हेरिफाय’ लिहून कुणीही तो टाळू शकतो, म्हणून तीच तपासणी सीआयमध्येही हवी. गिटहबचं पुश प्रोटेक्शन २०२४ पासून सार्वजनिक रेपोंवर आपोआप चालू असतं आणि ओळखीची किल्ली दिसली तर पुश अडवतं. ओळखीची म्हणजे ठरावीक साच्याची. ॲमेझॉनच्या दीर्घकालीन ॲक्सेस कीचा आयडी ‘ए-के-आय-ए’ या चार अक्षरांनी सुरू होतो, गिटहबच्या क्लासिक वैयक्तिक टोकनला ‘जी-एच-पी’ असा उपसर्ग असतो, ते सापडतात. तुमच्या डेटाबेसचा ‘पुणे@१२३’ छापाचा पासवर्ड कुठल्याच साच्यात बसत नाही, तो आरामात निघून जातो.

जमेल तिथे दीर्घकालीन किल्लीच ठेवू नका. ॲप ॲमेझॉनच्याच मशीनवर चालत असेल तर त्या मशीनला रोल द्या, मग एन्व्हमध्ये ॲमेझॉनची किल्ली लागतच नाही. गिटहब ॲक्शन्समधून डिप्लॉय करत असाल तर ओआयडीसीने (दोन सेवांमध्ये ओळख पटवायच्या पद्धतीने) तात्पुरता प्रवेश मिळतो. जिथे किल्ली लागतेच, तिथे तिला एकाच बकेटचा अधिकार द्या. डब्यांचे फोटो चढवणाऱ्या किल्लीला नवीन मशीन उभं करता येण्याचं कारण काय?

किल्ल्या सांभाळणारी व्हॉल्टसारखी भारी व्यवस्था तिघांच्या टीमला मी सुचवणार नाही. सांभाळायला एक माणूस लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. सॉप्स आणि एज या दोन मुक्तस्रोत साधनांनी एन्व्ह फाइल कूटबद्ध करून रेपोतच ठेवता येते. उलगडायची किल्ली प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी. एवढं जड वाटलं तर टीमचा पासवर्ड मॅनेजर वापरा. व्हॉट्सॲपवर एन्व्ह पाठवणं मात्र आजपासून बंद.

शेवटी एक साधा तक्ता बनवा: किल्लीचं नाव, ती काय उघडते, कुठे कुठे ठेवली आहे, कशी बदलायची, शेवटची कधी बदलली, ती हाताळलेली माणसं कोण. किंमत त्यात लिहायची नाही. मग एखाद्या शनिवारी काहीही फुटलेलं नसताना एक किल्ली मुद्दाम बदलून बघा. कुठली जागा तक्त्यात राहून गेली हे लगेच कळतं, कारण ॲप तिथेच पडतं. आणि इंटर्न बदलतात त्या आठवड्यात शेवटच्या रकान्यात त्यांचं नाव शोधून तेवढ्या किल्ल्या बदला, दुपारी तीननंतर.